पुढच्या चाकांची काळी धूळ

आमच्याकडे गाडीची पूर्ण धुलाई महिन्यातून एखाद-दुसऱ्या वेळीच होते. दोन धुलायांच्या मधल्या दिवसांत चाकांकडे कुणी फारसं बघत नाही. काच पुसली जाते, बॉनेटवरून फडकं फिरतं, आतल्या मॅट झटकल्या जातात, चाकं मात्र तशीच राहतात. माझ्या मते रोज कुठे हात फिरवायचा असेल तर तो आधी चाकांवरून फिरवावा. चालत्या गाडीची निम्मी तब्येत चाकांवर दिसते, आणि ती दिसण्यासाठी चाक स्वच्छ असावं लागतं.

मी गडचिरोली जिल्ह्यातल्या मुलचेऱ्यात राहतो आणि स्वतःची सात आसनी गाडी भाड्याने चालवतो. गडचिरोलीच्या किंवा चंद्रपूरच्या दवाखान्यात जाणारे पेशंट, परीक्षेला निघालेली मुलं, लग्नाची माणसं, महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेला जाणारी कुटुंबं, अशी सगळी माणसं माझ्या गाडीत बसतात. गडचिरोलीला जाताना घोट आणि चामोर्शी लागतं. चंद्रपूरला जायचं तर लगामवरून आष्टी, मग वैनगंगेचा पूल, गोंडपिपरी आणि बल्लारपूर. दोन्हीकडे रस्ता जंगलातला. गाव आलं की गतिरोधक आलेच, आणि गाव संपल्यावरही बैलांची जोडी, शेळ्या किंवा चितळांचा कळप कधी आडवा येईल याचा नेम नसतो. अशा रस्त्यावर ब्रेक खूप लागतो, आणि जितका ब्रेक लागतो तितकी चाकं काळी होतात.

ही काळी धूळ नेमकी कशाची, हे आधी समजून घ्यावं. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक असतात. बिडाची तबकडी चाकाबरोबर फिरते आणि ब्रेक दाबला की कॅलिपरमधले दोन पॅड तिला दोन्ही बाजूंनी आवळतात. पॅड म्हणजे पोलादाचे बारीक तंतू, ग्रॅफाइट, खनिजांची भुकटी आणि इतर काही पदार्थ फिनॉलिक राळेने घट्ट बांधून केलेला ठोकळा. प्रत्येक ब्रेकला पॅडही झिजतो आणि तबकडीही झिजते. त्यातून जी भुकटी निघते तिला ब्रेकची धूळ म्हणतात. तिच्यात लोखंडाचा वाटा मोठा असतो. ती तापलेली असते, तिच्यात राळेचा अंश असतो, आणि बाहेर पडताच ती समोरच्या रिमवर बसते. साधी रस्त्याची धूळ फुंकर मारली तर उडते, ही मात्र चिकटून राहते.

मागच्या चाकांवर ती इतकी का दिसत नाही, असं प्रवासी बऱ्याचदा विचारतात. ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढे येतं, म्हणून थांबवण्याचं जास्तीचं काम पुढच्या ब्रेकना करावं लागतं. शिवाय आपल्याकडच्या बहुतेक लहान-मध्यम गाड्यांना मागे ड्रम ब्रेक असतात. ड्रममध्ये लायनर आतल्या बाजूने घासतात, त्यामुळे त्यांची भुकटी बरीचशी ड्रमच्या आतच राहते. पुढची चाकं काळी आणि मागची उजळ दिसली तर घाबरायचं कारण नाही. ब्रेक ठरल्याप्रमाणे काम करत आहेत, एवढाच त्याचा अर्थ.

आमच्या भागात या काळ्या धुळीवर दुसरा एक थर बसतो, तो लाल. एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या डोंगरात लोहखनिज आहे. ते भरलेले ट्रक आलापल्ली-आष्टी रस्त्याने जातात. आम्हाला चंद्रपूरला जाताना तोच रस्ता धरावा लागतो. रस्त्याकडेचा मुरूम आणि खनिजाची बारीक पूड मिळून उन्हाळ्यात जी धूळ उडते, ती झाडांच्या पानांवर बसते तशी चाकांवरही बसते. भात कापणीच्या दिवसांत त्यात तणसाचे तुकडे येतात. तेंदूपत्त्याच्या हंगामात जंगलातल्या कच्च्या वाटांवरून गाड्यांची ये-जा वाढते आणि धूळही वाढते. म्हणून शहरातल्या माणसाने सांगितलेला चाक पुसण्याचा उपाय इथे जसाच्या तसा चालत नाही.

हे दोन थर वेगळे आहेत, हे मी शेजारच्या सातवीतल्या मुलाला दाखवलं. जुन्या रेडिओच्या स्पीकरचं चुंबक माझ्याकडे होतं. ते प्लास्टिकच्या पातळ पिशवीत गुंडाळलं. चाकावरची कोरडी काळी धूळ ब्रशने एका कागदावर झाडून घेतली आणि रस्त्याकडेची लाल धूळ दुसऱ्या कागदावर घेतली. चुंबक काळ्या धुळीवरून फिरवलं तशी ती उभी राहिली, तिचे बारीक केसासारखे काटे झाले आणि पिशवीला लटकले. लाल धुळीवरून तेच चुंबक फिरवलं तर थोडे कण हलले, बाकीची धूळ जागच्या जागी राहिली.

"काका, दोन्ही लोखंडच होय ना जी, मंग लाल काऊन नाही चिपकत?" त्याने विचारलं.

त्याला सांगितलं, की काळ्या धुळीतलं बरंच लोखंड अजून धातूच आहे, म्हणून चुंबक त्याला ओढतं. लाल धुळीतलं लोखंड ऑक्सिजनशी जोडलं गेलं आहे. सुरजागडचं खनिज हेमॅटाइट आहे आणि हेमॅटाइटला चुंबक फार थोडं ओढतं. मग त्यानेच पुढचा प्रश्न विचारला, की काळी धूळ पाण्यात पडून राहिली तर तीही लाल होईल का. होते. म्हणून तर ती चाकावर ठेवायची नसते.

पावसाळ्यात हे डोळ्यांना दिसतं. चाकावरचे लोखंडाचे कण ओले झाले की गंजतात, आणि गंजताना रिमवरच्या पारदर्शक लॅकरच्या थरात रुतून बसतात. सुरुवातीला टाचणीच्या डोक्याएवढे नारिंगी ठिपके दिसतात. त्यावरून बोट फिरवलं तर बारीक खरखर लागते. या टप्प्यावर ते निघतात. पुढे लॅकर फुगतो, त्याखाली अॅल्युमिनियमवर पांढरट डाग पसरतात, आणि मग कितीही घासलं तरी चाक पहिल्यासारखं होत नाही. लोखंडी रिम असेल तर रंगाखालून गंज चढतो. आमच्याकडे जून ते सप्टेंबर जोराचा पाऊस असतो, नाल्यांना पूर येतो, रपट्यांवरून पाणी वाहतं. चाकं वाळायलाच वेळ मिळत नाही. त्यामुळे पावसाळा सुरू होण्याआधी चाकं नीट साफ करून त्यांच्यावर मेणाचा थर चढवणं मी कधी चुकवत नाही.

आता मधल्या दिवसांत मी काय करतो ते सांगतो.

पहिली गोष्ट, चाक थंड असल्याशिवाय त्याला पाणी लावत नाही. लांबून आलेल्या गाडीची डिस्क हात लावता येणार नाही इतकी तापलेली असते. तिच्यावर गार पाणी पडलं तर ती एकसारखी थंड होत नाही, आणि वाकडी झाली तर ब्रेक मारताना पायाखाली थरथर जाणवू लागते. शिवाय गरम रिमवर शाम्पूचं पाणी लगेच वाळतं आणि डाग सोडतं. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात मी सकाळी निघण्याआधी चाकं पुसतो. पावसाळ्यात संध्याकाळी गाडी थंड झाल्यावर पुसतो, कारण ओली काळी धूळ रात्रभर चाकावर ठेवायची नसते. चाक थंड झालं की नाही हे पाहायला हाताची मागची बाजू रिमजवळ धरायची, डिस्कला बोट लावायचं नाही.

दुसरी गोष्ट, कोरडं फडकं आधी लावायचं नाही. शहरात नुसती ब्रेकची बारीक धूळ असते, तिथे काही लोक मऊ कोरड्या कापडाने चाक पुसतात आणि निभावतं. आमच्या धुळीत मुरमातली वाळू असते, हेमॅटाइटचे कण असतात. हे कण लॅकरपेक्षा कितीतरी कठीण असतात. कोरडं फडकं दाबून फिरवलं की ते कण लॅकरवर ओरखडे काढतात, आणि प्रत्येक ओरखड्यात पुढच्या वेळी धूळ अडकते. म्हणून आधी पाणी. मी शेतीच्या दुकानातून दोन लिटरचा फवारणीचा हातपंप आणला आहे. तो फक्त गाडीसाठी आहे. शेतात औषध मारलेला पंप यासाठी कधीही वापरू नये. त्यात पाणी आणि कार शाम्पूचे थोडे थेंब घालतो. आधी चाकाच्या वरच्या बाजूने फवारा, मग आऱ्यांच्या मधून, मग नटांच्या खोबणीत. पाणी वाहू द्यायचं. पहिलं पाणी लाल येतं, मग राखी, मग काळपट. ते बऱ्यापैकी निवळलं की मगच कापड.

तिसरी गोष्ट, चाकाचं कापड वेगळं. मायक्रोफायबरचं जुनं कापड चार घड्या घालून घेतो, एक बाजू मळली की दुसरी घेतो. हे कापड चुकूनही बॉडीवर किंवा काचेवर जाऊ देत नाही, कारण त्यात लोखंडाचे कण राहतात. आऱ्यांच्या मागे हात पोचत नाही. सुंदरनगरकडचा माझा एक जोडीदार ड्रायव्हर आहे, १९६० च्या दशकात पूर्व बंगालमधून आलेल्या ज्या कुटुंबांना या भागात जमिनी मिळाल्या त्यांच्यापैकी एका घरातला. त्याने त्यावर छान उपाय काढला. बांबूची चपटी कांब घेऊन तिच्या टोकाला सुती कापडाच्या चार-पाच घड्या सुतळीने बांधल्या. "दादा, हे ब्रशपेक्षा बरं, घासतं पण ओरखडत नाही," असं तो म्हणाला आणि खरंच तसं आहे. टोकावरचं कापड सैल झालं की बांबू रिमला लागतो, म्हणून ते वरचेवर पाहायचं.

चौथी गोष्ट, चाक पाण्याने ओलं ठेवून सोडायचं नाही. बोअरचं पाणी जड असतं. ते उन्हात वाळलं की पांढरे ठिपके पडतात आणि त्यांच्या कडेला धूळ धरते. शेवटी सुक्या कापडाने चाक टिपून घ्यायचं. मग गाडी थोडी पुढे घेऊन हलका ब्रेक दाबायचा, म्हणजे डिस्कवरचं पाणी निघून जातं. पावसाळ्यात रात्रभर उभ्या गाडीच्या डिस्कवर सकाळी नारिंगी पातळ थर दिसतो. तो बिडावर चढलेला वरवरचा गंज असतो, पहिल्या दोन-चार ब्रेकमध्ये पॅड तो खरवडून टाकतात. त्याला घाबरून डिस्कवर तेल किंवा पॉलिश लावणारे लोक मी पाहिले आहेत. असं कधीही करू नये. डिस्कवर तेलकट काही गेलं तर गाडी थांबणार नाही.

मेणाचा थर हा या सगळ्यातला सर्वांत उपयोगी भाग आहे. चाक पूर्ण स्वच्छ आणि कोरडं करून त्यावर गाडीच्या मेणाचा पातळ थर बोटाला गुंडाळलेल्या कापडाने लावायचा, सुकू द्यायचा आणि पुसून घ्यायचा. मेण फक्त रिमच्या दर्शनी भागावर लावायचं, डिस्क आणि कॅलिपरपासून लांब. यानंतर धूळ बसते, पण रुतत नाही. हातपंपाच्या पाण्याने तिच्यातला बराचसा भाग घासण्याआधीच निघून जातो. गरम रिमवर मेण फार टिकत नाही, म्हणून दर दीड-दोन महिन्यांनी ते पुन्हा लावावं लागतं. आता चाकांसाठी खास सिरॅमिक कोटिंगही मिळतात आणि ती जास्त टिकतात. पण आमच्या कामासाठी मेण पुरेसं पडतं.

रुतून बसलेल्या ठिपक्यांसाठी एक वेगळं द्रव मिळतं, त्याला आयर्न रिमूव्हर म्हणतात. त्यातल्या थायोग्लायकोलेटचा लोखंडाशी संयोग झाला की ते जांभळं होतं. चाकावर फवारलं की थोड्या वेळात जांभळे ओघळ सुटतात, जणू चाकावर जांभळं चिरडली आहेत. त्याला उग्र वास असतो. उघड्यावर, हातमोजे घालून, सावलीत, थंड चाकावर वापरावं, वाळू देऊ नये आणि भरपूर पाण्याने धुवावं. मी ते वर्षातून एक-दोनदा वापरतो, बाकी वेळी त्याची गरज पडत नाही. जो माणूस दोन-तीन दिवसांनी चाक पुसतो, त्याला कडक औषध क्वचितच लागतं.

काही सवयी मात्र सोडून द्यायला हव्यात. डिझेलच्या किंवा रॉकेलच्या बोळ्याने रिम चमकवण्याची पद्धत गॅरेजात जुनी आहे. चमक येते, पण डिझेल टायरच्या रबराला मारक आहे आणि त्याचा ओघळ डिस्कवर गेला तर ब्रेक घसरतो. धुलाईच्या जागी कुठे कुठे रिमवर तेजाब मारतात. मळ लगेच निघतो, त्याबरोबर लॅकरही जातो. टायर काळे करणारं सिलिकॉनचं पॉलिशही जपून लावावं, कारण चाक फिरलं की ते शिंतोडे उडवतं. आणि ब्रेकची धूळ तोंडाने फुंकून किंवा कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नये. पूर्वीच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, ते फुप्फुसाला घातक आहे. आजचे बहुतेक पॅड त्याविना बनतात, तरी इतकी बारीक भुकटी नाकातोंडात जाऊ देणं शहाणपणाचं नाही. पाणी मारून ओली धूळ पुसली की ती उडतच नाही.

आता ज्यासाठी मी हे सगळं लिहितो आहे ते. चाक रोज हाताखाली असलं की त्याची नेहमीची धूळ किती हे आपल्याला पाठ होतं, आणि त्यात फरक पडला की लगेच कळतो. गेल्या उन्हाळ्यात माझ्या गाडीचं पुढचं डावं चाक उजव्यापेक्षा काळं व्हायला लागलं. दोन्ही चाकं सारखीच पुसलेली, रस्ता तोच, तरी डाव्यावर जाड थर. ब्रेक चांगला लागत होता, आवाज नव्हता, गाडी एका बाजूला ओढत नव्हती. गावाबाहेर थोडा वेळ ब्रेक न मारता गाडी चालवून थांबवली आणि दोन्ही रिमजवळ हाताची मागची बाजू धरून पाहिली. डावं चाक स्पष्ट गरम होतं. म्हणजे ब्रेक सोडल्यावरही पॅड डिस्कला घासत होता.

आलापल्लीच्या मेकॅनिकने चाक उतरवलं. कॅलिपर ज्या दोन पिनांवर मागे-पुढे सरकतो, त्यातल्या एका पिनेचा रबरी बूट फाटला होता, आत पाणी आणि धूळ जाऊन ग्रीस वाळलं होतं, आणि पिन अडकली होती. आतला पॅड बाहेरच्या पॅडपेक्षा बराच पातळ झाला होता. पिन काढून साफ केली, ब्रेकसाठीचं खास ग्रीस लावलं, बूट बदलला, पॅडची जोडी नवी घातली. काम तासाभरात झालं. हीच गोष्ट लक्षात आली नसती तर पॅड संपून त्याची लोखंडी पाठ डिस्कला लागली असती, आणि ते कुठे झालं असतं हे कुणी सांगावं? माझ्या गाडीत रात्री-अपरात्री बाळंतपणाची पेशंट असते. जंगलातल्या रस्त्यावर ब्रेक ऐन वेळी दगा देऊ नये यापेक्षा मोठी काळजी ड्रायव्हरला नसते.

स्वच्छ चाकावर आणखीही बरंच वाचता येतं. नटांच्या भोवती गंजाच्या लाल रेघा निघाल्या असतील तर नट ढिला असण्याची शक्यता असते. रिमच्या आतल्या बाजूला ओला काळसर डाग दिसला तर ब्रेक ऑइल किंवा ग्रीस गळत असेल. खड्ड्यात आपटलेल्या रिमला बारीक तडा गेला असेल तर तो मळाखाली दिसत नाही, स्वच्छ धातूवर दिसतो. आऱ्यांमधून टॉर्च मारला की पॅडची जाडी बघता येते. अस्तर साधारण ३ मिलिमीटरवर आलं की पॅड बदलायचे, अशी मेकॅनिकची रीत आहे. हे सगळं बघायला दोन मिनिटं पुरतात, पण चाकावर चिखल आणि काजळी असेल तर यातलं काहीच दिसणार नाही.

धूळ मुळात कमी निघावी यासाठी पायाला वळण लावावं लागतं. पुढे गुरं दिसली किंवा गाव जवळ आलं की मी आधीच अॅक्सिलरेटर सोडतो आणि गिअर खाली घेतो. गाडीचा वेग इंजिन कमी करतं, ब्रेकवर शेवटचं थोडं काम उरतं. उतारावर न्यूट्रल करून गाडी सोडणारे बरेच आहेत. त्याने डिझेल वाचतं असा समज आहे, पण सगळा भार ब्रेकवर येतो आणि गाडीवरचा ताबाही कमी होतो. खनिजाच्या ट्रकच्या मागे चिकटून जायचं नाही, अंतर ठेवलं की ब्रेकही कमी लागतो आणि लाल धूळही कमी बसते. पॅड बदलताना कमी धूळ सोडणारे, ज्यांना सिरॅमिक म्हणतात ते, तुमच्या गाडीसाठी कंपनीने मान्य केलेले मिळत असतील तर विचारावं. धातूचे तंतू जास्त असलेले पॅड काळी धूळ जास्त सोडतात. स्वस्तातला बिनानावाचा पॅड मात्र घेऊ नये.

ही धूळ फक्त रिमवर बसत नाही, हेही ध्यानात घ्यायला हवं. तिचा एक भाग हवेत जातो. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा लागू झालं आणि सायलेन्सरमधून निघणाऱ्या धुरावर कडक मर्यादा आल्या. ब्रेकमधून निघणाऱ्या कणांवर मर्यादा घालण्याचं काम युरोपीय संघाने २०२४ मध्ये मंजूर केलेल्या युरो ७ नियमांत पहिल्यांदा केलं. बहुतेक प्रवासी गाड्यांसाठी ती किलोमीटरला ७ मिलिग्रॅम आहे आणि बॅटरीवरच्या गाड्यांसाठी ३, कारण त्यांचा वेग बराचसा मोटरच कमी करते. ७ मिलिग्रॅम ऐकायला काहीच वाटत नाही. लाख किलोमीटर चालणाऱ्या गाडीचा हिशेब केला तर ते ७०० ग्रॅम होतात, आणि भाड्याच्या गाडीला लाख किलोमीटर व्हायला फार वर्षं लागत नाहीत.

आणि राहिलेली धूळ पाण्यात जाते. बऱ्याच पॅडमध्ये तांबं असतं. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याने २०१० मध्ये पॅडमधलं तांबं कमी करण्याचा कायदा केला, कारण रस्त्यावरून ओढ्यात जाणारं तांबं सामन माशांच्या वासाच्या शक्तीवर परिणाम करतं, असं तिथे दिसून आलं. आपला भागही माशांचा आहे. मामा (माजी मालगुजारी) तलाव आहेत, बंगाली घरांची तळी आहेत, दिना नदी आहे. गाडी नाल्यात उतरवून चाकांवर पाणी मारण्याची सवय इथे सगळ्यांना आहे, मलाही ते सोपं वाटायचं. आता मी चाकं घराच्या बाजूला, झाडाझुडपांपासून थोडं लांब, मुरमाच्या जागेवर पुसतो. एका वेळेला हातपंपातलं पाणी पुरतं, ते जमिनीत मुरतं, आणि नाल्यात काही जात नाही.

नवीन गाडी घेतलेली मुलं माझ्याकडे विचारायला येतात. कुठलं पॉलिश घ्यावं, कुठलं सीट कव्हर चांगलं. मी त्यांना आधी तीन गोष्टी आणायला सांगतो: वेगळा हातपंप, चाकांचं वेगळं कापड आणि एक छोटा टॉर्च. पहिला आठवडा रोज चारही चाकं पुसा आणि कुठल्या चाकावर किती धूळ बसते ते पाहून ठेवा. नंतर दोन-तीन दिवसांनी पुसलं तरी चालेल. दोन्ही पुढच्या चाकांवरची धूळ सारखी दिसेल तोवर ठीक. ज्या दिवशी ती सारखी दिसणार नाही, त्या दिवशी प्रवासी बसवायच्या आधी मेकॅनिककडे जा.